नित्य उपासना : मराठी ख्रिस्ती जीवनातील देवसान्निध्य

देव हा पिता आणि श्रद्धावंत त्याचे लेकरू, या एका नात्यावर ख्रिस्ती उपासना उभी आहे. नाते आधी मिळते आणि जोपासना मागाहून येते, हा क्रम फार महत्त्वाचा. प्रार्थना, उपास किंवा वाचन यांच्या बळावर कोणी देवाचे मूल होत नाही. ते नाते देवाच्या कृपेने मिळते, असे सर्व प्रमुख ख्रिस्ती पंथ सांगतात. रोजची उपासना म्हणजे मिळालेल्या नात्यात राहायला शिकणे. त्यामुळे तिच्यात पुण्यसंचयाचा हिशेब बसत नाही. एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडत नाही. पण चुकलेल्या दिवसांची रांग लागली की ओळख पातळ होत जाते आणि देवाविषयी पुष्कळ माहिती असलेला माणूस देवाशी बोलायला संकोचू लागतो.

‘रोज’ या गोष्टीवर बायबलचा भर लक्षात घेण्याजोगा आहे. निर्गमाच्या पुस्तकात रानात भटकणाऱ्या इस्राएलांना मान्ना मिळतो तो त्या दिवसापुरता. शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा अपवाद सोडला तर साठवून ठेवलेला मान्ना सकाळपर्यंत किडतो. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे तीही त्या दिवसाचीच. दानीएल परक्या मुलखात, राजाची मनाई असताना, यरुशलेमेच्या दिशेने उघडणाऱ्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकतो. स्तोत्रकर्ता संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तीन वेळा सांगतो. मार्काच्या शुभवर्तमानात येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जातो. आदल्या संध्याकाळी आजाऱ्यांना घेऊन सारे गाव दाराशी लोटलेले असते, हा तपशील त्या पहाटेला वजन देतो. पुढे ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती मार्गदर्शिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असा स्पष्ट नियम आला.

याच्या जोडीला पौलाची दुसरी शिकवण आहे: प्रार्थना अखंड चालू ठेवा. ठरलेल्या वेळेची प्रार्थना आणि अखंड प्रार्थना यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न ख्रिस्ती साधनेच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभा राहिला. इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांनी एखादे छोटे वचन दिवसभर घोळवण्याची रीत काढली. सहाव्या शतकात इटलीतील बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिला. त्यात दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशा प्रार्थनेच्या वेळा बांधल्या आणि त्यांच्या मधल्या वेळात श्रम व वाचन ठेवले. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. त्याच्याकडे स्वयंपाकघर आले होते, आणि ते काम त्याला मुळीच आवडत नव्हते. भांडीकुंडी आणि गडबड यांतच देवाची जाणीव धरून राहण्याचा सराव त्याने वर्षानुवर्षे केला. १६९१ मध्ये तो वारल्यावर त्याची पत्रे व संभाषणे छापली गेली आणि कॅथलिकांइतकीच प्रोटेस्टंटांनीही ती वाचली. लॉरेन्सचे नाव घेऊन ठरलेल्या वेळा टाकून देणारे बरेच भेटतात. लॉरेन्स मात्र प्रहराप्रहरांच्या प्रार्थनांवर चालणाऱ्या मठात राहत होता, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. अखंड प्रार्थनेला ठरलेल्या प्रार्थनेचा टेकू लागतो, असेच या सगळ्या अनुभवातून दिसते.

मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सरहद्दीवरच्या बुऱ्हाणपुरात हा शिस्तीचा मार्ग पाळणारे दोघे आले ते अकबराच्या छावणीबरोबर. १६०० मध्ये अकबर खानदेश जिंकायला बुऱ्हाणपुरास आला आणि असीरगडाला वेढा पडला. बादशहासोबत जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री आणि बेन्तो द गोइश हा त्याच संघाचा बंधू असे दोघे होते. जेरोम हा संत फ्रान्सिस झेवियरच्या भावंडांच्या वंशातला. जेझुइट वृत्तान्तानुसार गडावर मारा करण्यासाठी चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मागवून देण्याची गळ अकबराने जेरोमला घातली. ते आपल्या धर्माला धरून नाही, असे सांगून त्याने नकार दिला आणि बादशहाचा रोष ओढवून घेतला. पोर्तुगीजांचे खानदेशच्या सुलतानाशी सख्य होते, ते त्या नकारामागचे खरे कारण, असे व्हिन्सेंट स्मिथसारख्या इतिहासकारांना वाटते. दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. गोइशला बादशहाच्या वकिलातीबरोबर गोव्यास धाडण्यात आले. पुढे तो मध्य आशियातून चीनच्या वाटेला लागला आणि १६०७ मध्ये तिकडेच वारला.

राजकारणाच्या या धुळीत एक गोष्ट नजरेआड होते. जेझुइटांच्या नियमानुसार प्रत्येकाला रोज मनन आणि दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करावे लागे. पाद्र्याला ब्रेव्हिअरी या प्रार्थनापुस्तकातील प्रहरांच्या प्रार्थनाही म्हणाव्या लागत. मठाच्या भिंती नाहीत, घंटा नाही, सोबतीला मंडळी नाही, अशा ठिकाणीही नियम चालावा म्हणूनच संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने साधना प्रवासी माणसाला पेलेल अशी आखली होती. दिवसअखेरीचे आत्मपरीक्षण हा तिचा गाभा. आधी आभार मानायचे, मग प्रकाश मागायचा, मग दिवस तास-तासाने आठवायचा, चुकांची क्षमा मागायची आणि उद्याकडे पाहायचे. पंधरा मिनिटांत होणारे हे काम आजही नवख्याला सर्वांत आधी शिकवण्यासारखे आहे. त्याला पुस्तक लागत नाही आणि भावनांचा पूर येण्याची वाटही पाहावी लागत नाही.

जेरोमने दरबारासाठी फारसीत लिहिले. येशूच्या चरित्रावरचा त्याचा ‘मिरातुल कुद्स’ हा ग्रंथ १६०२ मध्ये पुरा झाला. त्याच सुमारास त्याच संघाचा इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स गोव्याच्या साष्टी भागात नव्या ख्रिस्ती रयतेसाठी मराठीत ओव्या रचत होता. १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या लोकांची ती सवय मोडण्याऐवजी स्टीफन्सने तिला नवा आशय दिला. बादशहासाठी लिहिलेला फारसी ग्रंथ आज अभ्यासकांच्या हाती आहे. ‘ख्रिस्तपुराण’ मात्र पुढची कित्येक वर्षे गोव्यात आणि मंगळूरकडे वाचले-ऐकले गेले. घरच्या भाषेत, घरच्या छंदात आलेली उपासनाच रोजच्या जगण्यात टिकते, याचा हा मराठीतला पहिला मोठा पुरावा म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनरी आले आणि उपासनेचे केंद्र बदलले. मुख्य साधन झाले ते हातातले बायबल. विल्यम कॅरीने श्रीरामपुराहून मराठी नवा करार १८११ मध्ये काढला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनच्या लोकांनी आपले भाषांतर केले आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले. वाचता येणे हा आता भक्तीचा भाग बनला. मिशनच्या शाळांमागे ही निकड होती: ज्याला वाचता येत नाही त्याला रोज एकांतात वचन कसे मिळणार? संध्याकाळी घरातल्या सर्वांनी बसून एक अध्याय वाचायचा, एखादे गीत म्हणायचे, वडीलधाऱ्याने प्रार्थना करायची, ही कौटुंबिक प्रार्थनेची रीत याच काळात रुजली. निमाडात खांडव्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम करणाऱ्या अमेरिकन मेथडिस्टांनी आणखी एक भर घातली. जॉन वेस्लीने १७४२ पासून आपल्या अनुयायांचे बाराएक जणांचे छोटे वर्ग केले होते. आठवड्यातून एकदा जमून प्रत्येकाने आपल्या जिवाची स्थिती सांगायची, असा तो परिपाठ. एकट्याने केलेली उपासना भरकटते किंवा गळून पडते, हे वेस्लीने पुरते ओळखले होते.

भाषांतर झाले तरी सूर परकाच होता. इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीते जिभेवर रुळत नसत. ही कोंडी फुटली ती अहमदनगरकडे. १८६० च्या दशकात तेथे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू झाली आणि कृष्णराव सांगळे यांनी ती नावारूपाला आणली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग हे सारे कायम ठेवून आख्यान उधळ्या पुत्राचे किंवा योसेफाचे. काही मिशनऱ्यांना हा प्रकार खटकला. श्रोत्यांनी मात्र तो उचलून धरला. पण कीर्तन म्हणजे समुदायाची उपासना. एकांतात, चुलीपुढे, वाटेवर गुणगुणता येईल असे काव्य अजून हवे होते, आणि ते नारायण वामन टिळकांनी दिले.

टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत झाला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत आणि त्यांच्या ‘अभंगांजली’त ते पदोपदी दिसते. येशूला माउली म्हणणे, सख्याशी भांडावे तसे त्याच्याशी भांडणे, त्याच्याशिवाय आपल्याला चैन नाही असे कबूल करणे ही वारकरी बोली त्यांनी जशीच्या तशी देवाच्या पुत्राशी बोलण्यासाठी वापरली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’मध्ये त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. काही टीकाकारांना यात ख्रिस्ती सिद्धान्त सैल झाल्याची शंका येते. ती सर्वस्वी निराधार नाही; अभंगाच्या साच्यात पापक्षमेपेक्षा विरह अधिक सहज बसतो. तरी मराठी ख्रिस्ती माणसाला देवाशी ‘तू’ म्हणून मोकळेपणी बोलायला टिळकांनीच शिकवले, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार मूळ धरण्याआधीच संपला. त्यांच्या भक्तीची दुसरी बाजू पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात आहे. देवाशी इतक्या जवळिकीने राहणारा हा माणूस संसारात किती विसराळू आणि किती उधळ्या हाताचा होता, हे त्या हसत हसत सांगतात. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तोही कोणाच्या प्रवचनाने पटून गेला म्हणून नव्हे, तर मन हळूहळू वळत गेले म्हणून. देवाशी जवळीक वाढण्याची वर्णने बहुधा झटक्यात उजेड पडल्याची असतात. त्यांच्या तुलनेत लक्ष्मीबाईंचे सावकाश वळणे अधिक लोकांना आपले वाटण्यासारखे आहे.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी घ्यावे लागते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आणि विधवा होत्या. शेती, विणकाम, छापखाना, शाळा असा पसारा होता. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करणारा गट उभा केला. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस तेथे प्रार्थनेची मोठी लाट उसळली. मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. दूरदूरच्या देशांत तिची वार्ता गेली आणि वादही झाले. चर्चा होते ती नेहमी या लाटेची. त्याआधी सहा महिने चाललेला साधा नेम आणि त्यानंतर रमाबाईंनी मरेपर्यंत चालवलेले काम यांकडे लक्ष कमी जाते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीने बायबलचे मराठी भाषांतर केले. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळावे, ही त्यामागची अट होती. मुक्तीच्या छापखान्यातून ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पूर्ण बाहेर पडले. रोज त्याच पानांशी, शब्दागणिक झगडत वर्षे घालवणे, हीच रमाबाईंची नित्य उपासना होती असे म्हणायला हरकत नाही.

आजच्या घरात या वारशाचे काय होते, याचा विचार साधनांपासून करावा लागतो. वाचनाचा पाया म्हणून एक शुभवर्तमान सलग घ्यावे, असा बहुतेक अनुभवी पाळकांचा सल्ला असतो. मार्क सर्वांत लहान, म्हणून नवख्याला तो सोयीचा. कॅथलिक घरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ (२०१०) वाचले जाते. त्याच्या टिपा मराठी संतसाहित्याशी ओळख असलेल्या वाचकाला जवळच्या वाटतात. बाराव्या शतकातील ग्विगो नावाच्या संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत पाहत राहणे अशा चार पायऱ्या सांगितल्या. त्यांतली चौथी मागून मिळत नाही, असेही तो मानतो. मोबाइलवर रोज सकाळी येणारे ‘आजचे वचन’ हे या वाचनाचे सर्वांत पातळ रूप. त्याचा पूर्वज मात्र भारदस्त आहे: जर्मनीतील हेर्नहुट येथे मोरेव्हियन मंडळीने १७२८ पासून रोजचे वचन घरोघर सांगायला सुरुवात केली आणि १७३१ पासून ते वार्षिक पुस्तकात छापले जाते. हेर्नहुटात ते वचन दारोदार जाऊन माणूस सांगत असे, म्हणजे त्याच्याबरोबर विचारपूसही होत असे. संदर्भातून कापलेली ओळ पुढे ढकलून दिली की काम झाले, असे आता अनेकांना वाटते.

प्रार्थनेत मागणेच फार येते, अशी तक्रार ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण मागण्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. प्रभूच्या प्रार्थनेचा अर्धा भाग मागणेच आहे. नवख्याने शब्द सापडत नसतील तर स्तोत्रसंहिता उघडावी. तेथे राग, कंटाळा, सूडाची इच्छा, देवावरचा संशय हे सारे प्रार्थना म्हणून आलेले आहे आणि ते वाचल्यावर देवापुढे शहाण्यासारखे बोलण्याची सक्ती गळून पडते. कॅथलिक घरांतील रोझरी ही ज्यांना स्वतःचे शब्द जुळवता येत नाहीत त्यांची, थकलेल्यांची आणि आजाऱ्यांची प्रार्थना आहे. वसईच्या गावांत ती संध्याकाळी घरात, आणि काही दिवसांत क्रुसाजवळ सामुदायिक म्हटली जाते. प्रोटेस्टंट माणसाला पाठ केलेली प्रार्थना पोकळ वाटते आणि कॅथलिकाला उत्स्फूर्त प्रार्थना पसरट. दोघांनीही थोडा काळ दुसऱ्याच्या घरी बसून पाहण्यासारखे आहे.

सर्वांत अवघड भाग कोरड्या दिवसांचा. काही आठवडे, कधी काही वर्षे, वाचनात रस लागत नाही, प्रार्थना छताला लागून परत येते, देव आहे की नाही असे वाटू लागते. हे पाप केल्याचे लक्षण आहे, असे सांगणारे उपदेशक आहेत. जुन्या साधकांचे मत तसे नाही. लोयोलाने अशा काळासाठी एक व्यवहारी नियम घालून दिला: मन प्रसन्न असताना केलेला निश्चय कोरड्या काळात बदलू नये, उलट नेम थोडा वाढवावा. प्रार्थनेत वीस मिनिटे बसायचे ठरले असेल तर एकविसाव्या मिनिटाला उठावे, एकोणिसाव्याला नाही. याच्या बरोबरीने शरीराकडे पाहणेही आवश्यक आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप हवी असते. एलीया थकून मरण मागू लागतो तेव्हा देवदूत त्याला आधी झोपू देतो आणि मग भाकर देतो. उपदेश करीत नाही.

बुऱ्हाणपुरात हे सारे मोठ्या धार्मिक गजबजाटात करावे लागते. जामा मशिदीची अजान, स्वामिनारायण मंदिराची आरती, गुरुद्वाऱ्यातील पाठ, दर्गाह-ए-हकीमीकडे येणारे दाऊदी बोहरा यात्रेकरू: इतरांच्या उपासनेच्या वेळा शहराला ऐकू येतात, दिसतात. ख्रिस्ती माणसाची रोजची वेळ कोणाला कळत नाही. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोक ०.२९ टक्के होते. एवढ्या थोड्या लोकांना शेजारचा आवाज सोबत देत नाही. वेळ आपणच पाळावी लागते. यंत्रमागाची पाळी, केळीच्या हंगामातली धावपळ आणि शाळेच्या बसची घाई यांत पहाटेचा तास सर्वांना साधत नाही, म्हणून बऱ्याच घरांत रात्रीच्या जेवणाआधीची प्रार्थनाच मुख्य ठरते. ती रीत वाईट नाही. बायबलच्या गणनेत दिवस संध्याकाळीच सुरू होतो.

एक कसोटी मात्र वेळेवर आणि पद्धतीवर अवलंबून नाही. यशया संदेष्ट्याने उपास करणाऱ्यांना विचारले होते की त्या दिवशी मजुरांना का राबवता. दिसणाऱ्या भावावर प्रीती न करणाऱ्याने न दिसणाऱ्या देवावरच्या प्रीतीचा दावा करू नये, असे योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. देवाशी जवळीक वाढत असेल तर ती आधी सून, भाडेकरू, कामावरची पोरे आणि उधारी थकवलेले गिऱ्हाईक यांना जाणवते. प्रार्थना करणाऱ्याला स्वतःला ती कळतेच असे नाही.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि सरहद्दीवर तो टाळता येत नाही. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या खांडवा धर्मप्रांतात आणि निमाडातील मंडळ्यांत उपासना मुख्यतः हिंदीत होते. तापीच्या खालच्या अंगाला, भुसावळ-जळगावकडे, ती मराठीत. बुऱ्हाणपूरच्या मराठी घरातील मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, आजीला ‘उपासना संगीत’ पाठ असते, आणि देवाशी बोलायची भाषा कोणती हे घरातल्या प्रत्येकासाठी वेगळे निघू शकते. पौलाचा नियम सरळ आहे: समजेल अशा भाषेत बोला. त्यानुसार अशा घरांत वाचन हिंदी बायबलातून आणि गीत मराठी, अशी वाटणी करता येते. एकांतातली प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत करावी. प्रभूची प्रार्थना मात्र कोणत्या भाषेत म्हणायची ते घराने मिळून ठरवून घ्यावे लागते, कारण ती सर्वांनी एकदम म्हणायची असते.